कोपरीचा खण

फेब्रुवारीच्या दोन तारखेला शाळेत जाताना मी मंडईच्या भिंतीपाशी थांबलो, तेव्हा तिच्यावर रंगवलेल्या धाकूच्या गालावर पांढरी लव आलेली दिसली. आदल्या दिवशी ती नव्हती. मी बोटाने थोडी टिपली आणि जिभेवर ठेवली.

"खारट लागला ना?" मागून कुणी विचारलं.

रंगूबाई होती. कोपरीच्या मिठागरात काम करणारी, धाकूची आई. मुलगा खाडीत गेल्यापासून ती रोज सकाळी कोपरीहून चालत यायची, भिंतीवरच्या त्याच्या चेहऱ्यापुढे थोडा वेळ उभी राहायची आणि मग कामाला जायची. तिच्याशी मी आजवर बोललो नव्हतो.

"हो," मी म्हटलं. "मीठ आहे."

"मना आल्या आल्याच कलला. पन मी तुमची वाट बघत व्हते. तुमी शिकलेले. तुमी बोलाल, दुसरा काय तरी हाय."

दुसरं काही नव्हतं.

ही भिंत म्हणजे नव्या मंडईची मासुंदा तलावाकडची बाजू. साठ फूट लांब, बारा फूट उंच. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं होणार म्हणून गावात समिती नेमली होती, आणि तिचे चिटणीस अण्णा वकील यांनी ही कल्पना काढली. "मुंबईवाले पुतळे उभारतील," ते म्हणाले, "आपण आपलं ठाणं उभं करू." भिंतीवर गावाची मिरवणूक काढायची. तांबट, विणकर, कोळी, सोनार, भाजीवाले, शाळेतली मुलं, सगळे आपापली हत्यारं आणि माल घेऊन तलावाकडे निघालेले. मागे किल्ला, खाडी, खाडीवरचा रेल्वेचा पूल. भिंतीचे नऊ खण पाडले. ज्या वस्तीचा खण, त्या वस्तीने आपल्या खणाचा गिलावा करायचा. वाळू त्यांची, पाणी त्यांचं, हातही त्यांचे. उद्या कुणी असं म्हणायला नको की अमका तमक्याच्या पाण्यावर उभा आहे. गावात कुणी कुणाचं पाणी घेत नाही हे त्यामागचं खरं कारण. अण्णांनी त्याला अभिमान हे नाव दिलं, आणि लोकांना ते आवडलं. मलाही आवडलं.

मी नुकताच बी.एस्सी. होऊन ठाण्याच्या शाळेत लागलो होतो. समितीने चुना, वाळू आणि पाणी तपासण्याचं काम मला दिलं. मी ते मन लावून केलं. कोपरीचे लोक नोव्हेंबरात सतरा हंडे पाणी आणि सात गाड्या वाळू घेऊन आले. पुढे धाकू. वय बावीस-तेवीस, खांदे रुंद, डाव्या भुवईवर फावडं लागल्याची आडवी खूण. त्यांच्या वाडीत गोड्या पाण्याची एकच विहीर, ती पिण्यापुरती. म्हणून पाणी खाडीचं, वाळूही खाडीकाठची. मी शंभर तोळे पाणी दिव्यावर आटवलं. खाली पावणेतीन तोळे मीठ उरलं. तसा कागद लिहून मी अण्णांकडे नेला.

"अहो त्र्यंबकराव," ते हसले, "त्यांना काय सांगू? तुमचं पाणी हलकं, ब्राह्मण आळीतून मागून घ्या? मारामारी होईल. ही जुबिली आहे, तुमची रसायनशाळा नव्हे."

मी कागद परत आणून टेबलाच्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी धाकूने मला सरळ विचारलं, "मास्तर, आमचा पानी चालंल ना?" त्याच्यामागे त्याच्या वाडीची पंधरावीस माणसं उभी होती. परत न्यावे लागतील की काय म्हणून हंडे त्यांनी पुन्हा डोक्यांवर घेतले होते.

मी म्हटलं, "चालेल."

डिसेंबरात काळुराम चितारी कल्याणहून आला. वाळलेल्या गिलाव्यावर डिंकात कालवलेल्या रंगांनी तो काम करी. तोंडं मात्र मनाची काढत नसे. प्रत्येक खणासाठी त्या वस्तीतला एक माणूस समोर उभा करून आधी कागदावर त्याचा खाका काढायचा, रेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून वरून कोळशाची पुरचुंडी थोपटायची. भिंतीवर ठिपके उमटत. कोपरीच्या खणासाठी धाकू उभा राहिला. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन, तीन दिवस. पाटी रिकामी चालली असती, पण त्याने भरून आणली. "रिकामी घेतली तर मान खोटी दिसंल," तो काळुरामला म्हणाला, आणि काळुरामला ते इतकं पटलं की त्याने बाकीच्या खणांतल्या माणसांनाही ओझी भरून आणायला लावलं.

जानेवारीच्या पौर्णिमेला, ओहोटीच्या जोरात, मिठाचा मचवा पुलाच्या खांबावर आपटला. चार माणसं पोहून आली. धाकू आला नाही. त्याचं शरीर मिळालं नाही. बाराव्या दिवशी गवताचा माणूस करून, त्याला डोक्याच्या जागी नारळ बांधून, खाडीकाठी अग्नी दिला.

"नारल जालला," रंगूबाई मला त्या सकाळी भिंतीपुढे म्हणाली. "नारलाला काय तोंड असतंय, मास्तर? त्याचा तोंड हितं हाय. आनि आता त्याला पन मीठ खायला लागला."

मी तिला सांगितलं की उपाय शोधतो.

पहिला उपाय साधा होता. काळुरामने मऊ कुंचल्याने पांढरी लव झाडली. लवेबरोबर रंगही आला. धाकूच्या खांद्यावर रुपयाएवढा पांढरा डाग पडला. मिठाचे कण रंगाच्या वर नव्हते, खाली होते. गिलाव्यातलं पाणी बाहेर येताना मीठ घेऊन येत होतं आणि पृष्ठभागाशी सुकून फुगत होतं. रंगाचा पापुद्रा आतून उचलला जात होता. मी दुसरा उपाय केला. रद्दी कागद भिजवून, कुटून, त्याचा लगदा चित्रातल्या पायांवर थापला. तीन तासांनी काढून चाखला तर खारट. म्हणजे मीठ ओढलं जात होतं. पण लगद्याला पोटऱ्यांचा सगळा तपकिरी रंग लागून आला होता.

"डिंक आहे, मास्तरसाहेब," काळुराम म्हणाला. "पाणी लागलं की सुटणारच. आधी सांगितलं असतंत, मिठाची भिंत आहे, तर मी रंग घातलाच नसता."

मी लगदा उचलून बादलीत टाकला.

पाच तारखेपर्यंत खणाचा खालचा अर्धा भाग पांढरा झाला. शेजारच्या तांबटांच्या खणाला काही झालं नव्हतं. कोळ्यांनी पाणी आपल्याच कोळीवाड्यातल्या विहिरीचं घातलं होतं, त्यांचाही खण धड होता. येणारेजाणारे थांबून हसत. "कोपरीवाल्यांनी मीठ फुकट वाटायला काढलंय, पदर पसरा!" एक भाजीवाली ओरडली. रंगूबाई उलटून म्हणाली, "पसर की. तुज्या भाजीला तरी चव येईल." बायका हसल्या. मग कुणीतरी त्या भाजीवालीला हळूच सांगितलं की ही धाकूची आई. ती उठून आपल्या टोपलीतली मेथीची जुडी रंगूबाईच्या हातात देऊन गेली, एक शब्द न बोलता.

सहा तारखेला अण्णा आले. त्यांनी छडीने खणाच्या कडा दाखवल्या. "इथपासून इथपर्यंत खरवडायचं. गवंडी बारा तारखेला सकाळी येईल. चांगल्या पाण्याचा गिलावा. काळुराम, तिथे आगगाडीचं इंजिन काढ. पूल मागे आहेच. सोळाला कलेक्टरसाहेब येणार आहेत."

"आणि कोपरीचे लोक?" मी विचारलं.

"त्यांना सांगू, पुढच्या वेळी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या कागदाची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, त्र्यंबकराव. तुम्हीही सांगू नका. दोघांचीही शोभा होईल."

म्हणजे हातात पाच दिवस होते. सबंध खणाची आशा मी सोडली होती. त्यातली धाकूच्या तोंडाची एक वीत लांब, एक वीत रुंद जागा एवढीच पाहिजे होती.

खाक्यावरून पुन्हा चेहरा काढता आला असता. मी काळुरामला खाका मागितला. त्याने मान हलवली. त्यांच्या घराण्यात काम पुरं झालं की खाके तलावात सोडतात. एकाचं तोंड दुसऱ्या भिंतीवर जाऊ नये म्हणून. नऊही खाके त्याने आपल्या हाताने मासुंद्यात सोडले होते. मग तो भिंतीवर बघून कागदावर काढायला बसला. दोन तास लागले. चेहरा हुबेहूब होता, भुवईवरची खूणही होती. मला वाटलं, सुटलो.

रंगूबाईने कागद बराच वेळ पाहिला आणि परत दिला.

"बरा हाय. पन हा तू आज काढलास, दादा. आज तो उभा नव्हता."

"बाई, तेच तोंड आहे."

"तिकडचा काढलास तवा तो तुज्यासमोर श्वास घेत व्हता ना? मान दुखली तर तुला बोलला, जरा टेकू दे. बोलला व्हता ना?"

"बोलला होता," काळुराम म्हणाला. त्याने कागद गुंडाळून ठेवला. नंतर त्याने त्याचा विषयही काढला नाही.

पुढचा उपाय रंगूबाईचा. "मास्तर, मिठागराच्या कोंडीत पानी उभा असंल तवर मीठ धरत नाय," ती म्हणाली. "पानी सुकला की धरतंय. भिंत सुकू देऊ नका." मी पुस्तकात शोधत होतो ती गोष्ट एवढीच होती. आम्ही तोंडापुढे चार बोटं अंतर ठेवून ओलं गोणपाट टांगलं, रंगाला लागणार नाही असं. रंगूबाई मिठागर सोडून तिथेच बसली. दर घटकेला तलावाचं पाणी आणून ती गोणपाटावर शिंपडायची. शाळा सुटली की मी जायचो. लव थांबली. सात, आठ, नऊ तारीख, गालावर नवं मीठ आलं नाही. माझ्या वहीत मी तिन्ही दिवस 'बदल नाही' असं लिहिलं, आणि ते दोन शब्द लिहिताना मला जो आनंद झाला तो परीक्षेच्या निकालालाही झाला नव्हता.

दहा तारखेला गोणपाट बाजूला केलं तर हनुवटी ओघळली होती. दमट हवेने डिंक सैल पडला होता. ओठाखालून तांबूस रेघ गळ्यापर्यंत आली होती. सुकवलं तर मीठ फोडणार, ओलं ठेवलं तर रंग वाहणार. आणि परवा गवंडी.

रंगूबाईने ती रेघ पाहिली आणि मटकन खाली बसली. रडली नाही. जमिनीवर तळहात आपटत राहिली, नुसती, तोंडातून आवाज न काढता.

मला तेव्हाच ते सांगावं लागलं. आणखी थांबलो असतो तर पुन्हा कधी धीर झाला नसता. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "रंगूबाई, हे मीठ त्या पाण्यातलं आहे. नोव्हेंबरात मी ते आटवून पाहिलं होतं. मला माहीत होतं. धाकूने मला विचारलं, चालेल का. मी चालेल म्हटलं."

तळहात थांबला.

"ठाव हाय," ती म्हणाली. "पयल्या दिवशी भिंत चाखली तवाच कलला. आमचा मीठ मना कलनार नाय? आमच्या कोंडीतला मीठ जरा कडू असतंय." मग तळहातावरची माती झटकत: "त्या दिवशी घरी आला तो नाचत. बोलला, आये, मास्तर चालंल बोलले. सतरा हंडे, एक पन परत नाय धाडला."

काळुराम कुंचले धूत होता, त्याने हात थांबवला. तलावावर धोबी कपडे आपटत होते, तेवढाच आवाज.

"तुमी 'नाय' बोलले असते," रंगूबाई म्हणाली, "तर त्याचा तोंड हितं आलाच नसता. म्हनून मी तुमाला शिव्या देत नाय. पन मना वाटतंय द्याव्या."

"दे," मी म्हटलं.

"आता नको. आता काय करायचा ते सांगा."

कॉलेजात असताना एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की इटलीत जुन्या देवळांच्या भिंतींवरची चित्रं सरस लावलेल्या कापडाने सोलून काढतात. सरस सुकताना आकसतो आणि रंगाला भिंतीवरून ओढून घेतो. एवढंच आठवत होतं, अर्ध्या पानाची माहिती. मी ते काळुरामला सांगितलं. त्याने दाढी खाजवली. "सरस माझ्याकडे आहे. चांगला, बैलाच्या कातड्याचा. पण ओली भिंत सरस धरणार नाही."

"सुकवली तर मीठ फुटेल."

"मग दोन्हींच्या मध्ये गाठायचं."

मी हिशेब केला. गोणपाट पहाटे काढलं तर पृष्ठभाग नऊच्या सुमाराला कोरडा होईल. पायांवर पाहिलं होतं, लव दुपारी बारानंतर वर येत होती. म्हणजे सरसाला रंग धरायला तीन तास; पुढे मीठ फुटलं तरी रंग कापडाला असेल. कापड जुनं, विरलेलं, धुऊन मऊ झालेलं हवं. रंगूबाई कोपरीला जाऊन धाकूचा डोक्याला बांधायचा रुमाल घेऊन आली. पाटीखाली घासून मधे इतका पातळ झाला होता की त्यातून पलीकडची बोटं दिसत.

अकरा तारखेला मी शाळेत रजेचा अर्ज दिला. नवाला काळुरामने पातळ गरम सरस मोठ्या कुंचल्याने तोंडावर लावला, घासू न देता, नुसता टेकवत. मग रुमाल. मग वरून पुन्हा सरस. कापडातून धाकू दिसत राहिला, काचेमागे असल्यासारखा. ऊन त्या भिंतीवर दुपारनंतर येतं; आम्ही वाट पाहत बसलो. मंडईपुढे जुबिलीची कमान उभी राहत होती. बांबू, आंब्याची पानं, रंगीत कागद. अण्णा तिथपर्यंत आले, आमच्याकडे पाहिलं आणि परत गेले. चार वाजता कापडाच्या कडा आपोआप कुरकुरत उचलायला लागल्या.

"ओढा," काळुराम म्हणाला. "मी नाही ओढणार. मी सुरी घेऊन उभा राहतो."

मी वरची दोन टोकं धरली. कपाळ सुटलं, कागद फाटताना येतो तसा आवाज करत. भुवया आल्या. डोळे आले, दोन्ही. नाकाशी कापड अडकलं. काळुरामने पातळ सुरी आत सरकवली. नाक आलं, पण अर्धं. खाली, जिथे मिठाने आधीच फोडलं होतं, तिथे कापडाला नुसती पांढरी भुकटी लागून आली. ओठ भिंतीवरच राहिले. मी कापड उलटं करून फळीवर ठेवलं आणि वळून भिंतीकडे पाहिलं, तेवढ्यात ते ओठ आपल्या वजनाने सुटले आणि खाली पडले. रंगूबाईने पदर पुढे केला होता. पदरात तांबूस चुरा आला. तिने तो बोटाने चाचपला, आणि पदराची गाठ बांधली.

मग ती फळीवर वाकली. रंगाची पाठ आता वर होती. चुन्याच्या पातळ थराखालून धाकूचे डोळे वर पाहत होते.

"भुवईवरची खून उजवीकडे आली," ती म्हणाली. "त्याची डावीकडे व्हती."

"आपण मागून बघतोय," मी सांगितलं. "भिंतीच्या आतून बघितलं तर तो असाच दिसला असता."

तिने मान हलवली. पटलं की नाही कोण जाणे. बराच वेळ ती कपाळापासून नाकापर्यंत बघत राहिली आणि नाकाखाली नजर जाऊ देत नव्हती. मग माझ्याकडे वळली.

"मास्तर, आता राहंल ना हा?"

काळुराम माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं मी काय म्हणावं ते. एक शब्द पुरला असता. तिच्या मुलाने मला असंच विचारलं होतं, याच भिंतीपाशी, आणि मी त्याला खूश करून पाठवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "त्या चुन्यात अजून मीठ आहे. हवा कोरडी आहे तोवर राहील. पाऊस लागला की सरस ओल धरेल, मीठ विरघळेल. जूनपर्यंत राहील. पुढचं मी सांगू शकत नाही."

काळुराम पाठ फिरवून सामान आवरायला लागला.

रंगूबाईने बोटांवर मोजलं. फागुन, चैत, वैशाख, जेठ. "आमचा हंगाम पन तवरच असतो," ती म्हणाली. "पावसात कोंड्या मोडतात." मग फळीकडे बघत: "चार महिने बघायला मिलंल. नारलापरीस बरा."

मी म्हटलं, मी दर रविवारी येईन, काही करता आलं तर करीन. ती म्हणाली, "या. आनि शिव्या राहिल्यात त्या पन घेऊन जा." हे म्हणताना ती हसली नव्हती.

कापडाची घडी घालता येणार नव्हती. भाजीवालीने सूप दिलं. त्यात रुमाल सपाट ठेवून, त्यावर वाऱ्याने काही उडू नये म्हणून स्वतःचं अंग आडवं धरत ती निघाली. कमानीखाली पताका लावणाऱ्यांनी शिडी बाजूला घेऊन तिला वाट दिली. त्यांना वाटलं असावं, सुपात देवाचं काही आहे. कोपरीच्या रस्त्याला लागेपर्यंत तिने एकदाही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता गवंडी आला. पहिला घाव त्याने चेहरा होता त्याच जागी घातला, कारण गिलावा तिथे आधीच पोकळ वाजत होता.